दोन अर्धविरामांमधली जागा

हवालदारांच्या जेवणाच्या डब्यात चार वाट्या असायच्या आणि चौथी नेहमी रिकामी असायची. रिकामी म्हणजे विसरलेली नव्हे. घासलेली, फडक्यानं पुसलेली, बाकीच्या तिन्हींच्या रांगेत टेबलावर मांडलेली. एकीत आमटी, दुसरीत भाजी, तिसरीत खर्डा नाहीतर दही, आणि ही. जेवण झालं की ते चारही वाट्या नळाखाली धुवायचे, चौथीसुद्धा. मी त्यांच्यासमोर बसून दोन वर्षं दुपारचा डबा खाल्ला. पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं, "हवालदार, त्यात काय असतं?"

"त्यात आज काय न्हाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विचारलं तर तेच उत्तर. मग मी विचारणं सोडलं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी मी इंजिनिअर होऊन सांगलीतल्या एका संस्थेत नोकरीला लागलो. संस्थेचं नाव सांगत नाही, आता ती उरलेलीही नाही. तिथं नुकताच एक संगणक आला होता. दोन कपाटांएवढा, पाहायला शाळांच्या सहली यायच्या आणि चपला बाहेर काढून आत यायच्या. त्याच्यासमोर एक टेलिप्रिंटर होता, म्हणजे तारेनं संगणकाला जोडलेला टाइपरायटर. त्यावर हुकूम टाइप करायचा, की संगणक त्याच कागदावर उत्तर छापायचा. शेजारी कागदी पट्टीचं रीळ असायचं. सांगितलं तर संगणक त्याच पट्टीवर भोकं पाडून उत्तर द्यायचा, आणि ती भोकं दुसरा संगणक वाचू शकायचा. त्या गार खोलीत आम्ही दोघंच असायचो: प्रोग्रॅम लिहिणारा मी आणि यंत्र चालवणारे हवालदार. बाहेर हळदीच्या वासाचं गाव तापलेलं असायचं आणि आत आम्ही स्वेटर घालून बसलेलो असायचो.

ते पाटणकडचे. फौजेत सिग्नलमध्ये वीस वर्षं टेलिप्रिंटर चालवून आलेले. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं, पण डायरेक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना हवालदारच म्हणायचे. वय पन्नाशीचं, मिशा कातरलेल्या, शर्टाची इस्त्री कधी न मोडलेली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, मूल नव्हतं. नदीकडच्या एका गल्लीत एक खोली घेऊन राहायचे. सणाला त्यांच्याकडे कुणी आलंय किंवा ते कुणाकडे गेलेत असं मी ऐकलं नाही. दिवाळीतसुद्धा कामावर यायचे. "मशिनीला सुट्टी कळत न्हाई," म्हणायचे. मशिनीला कळत नसेल, पण त्या दिवशी तिच्याकडे काही कामही नसायचं. ते नुसते तिच्यासमोर बसून असायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काय विचारलं असेल? शिक्षण नाही, गाव नाही. म्हणाले, "सायेब, पुरं नाव सांगा."

मी नाव, वडिलांचं नाव, आडनाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि टेबलाच्या कडेवर बोटं टेकवत नेली.

"साडेसहा बोटं," ते म्हणाले. "ब्येस. आमच्या डायरेक्टरला नऊ लागत्यात. उगंच."

फौजेत असताना रिकाम्या वेळात ते जवानांच्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगानं नावं रंगवायचे. नंबर, नाव, गाव. जागा ठरलेली, म्हणून रंगवायच्या आधी मोजून घ्यायचं, आपल्या अक्षरात हे नाव किती बोटं जागा खाईल. "आदी मोजायचं. न्हाईतर निम्म्यातच ट्रंक संपती, आन् गडी जनमभर अर्ध्या नावाचा ऱ्हातो." तेव्हापासून माणूस भेटला की ते त्याचं नाव मनात रंगवून पाहायचे. संस्थेतल्या सगळ्यांची मापं त्यांना पाठ होती. शिपायाला आपलं माप चारच बोटं असल्याचं वाईट वाटायचं.

जत, कवठे आणि त्या बाजूच्या कोरड्या मुलखातल्या विहिरींची पाहणी त्या वर्षी आमच्या संस्थेकडे आली होती. गावोगाव माणसं फिरली आणि प्रत्येक विहिरीचा एक फॉर्म भरून आला. गाव, गट नंबर, मालक, विहिरीची खोली, भर उन्हाळ्यात किती फूट पाणी, आणि शेवटी त्या विहिरीवर किती घरं पितात. हे सगळं संगणकात भरायचं आणि तालुकावार यादी साताऱ्याला पाठवायची. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांचं विभागीय कार्यालय साताऱ्याला होतं. तिथं आमच्यासारखाच पण धाकटा संगणक होता. त्या यादीवरून तिथं ठरणार होतं, की बोअर पाडणारी गाडी आधी कुठल्या वाडीत जाणार.

यादी काढायचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. हुकूम टाइप केला की कागदावर सुरेख तक्ता यायचा: वर मथळा, खाली पानाचा क्रमांक, रकाने सरळ रेषेत, मधे ठिपक्यांच्या ओळी. डायरेक्टरांनी तो चौकट करून भिंतीवर लावला. मला त्याचा किती अभिमान होता ते आज सांगायला लाज वाटते.

पण साताऱ्याच्या संगणकाला तो तक्ता वाचता येईना. मथळा कुठला, माहिती कुठली, हे त्याला कसं कळणार? मग तिथले दोन कारकून माझा सुरेख तक्ता समोर ठेवून सगळं पुन्हा हातानं टाइप करत बसायचे. आठवडेच्या आठवडे जायचे, आणि त्यात चुका व्हायच्या त्या वेगळ्याच.

एक दिवस डबा खाताना हवालदार म्हणाले, "सायेब, येक इचारू का? राग धरू नका."

"विचारा की."

"यादी वाचनार कोन? मानूस का मशीन? मानसासाठी असंल तर नटवा. मशिनीसाठी असंल तर उघडी ठिवा. नवरी नटवून इहिरीत सोडायची व्हय?"

मी हसलो, पण मला ते लागलं.

त्यांना प्रोग्रॅम लिहायला कुणी शिकवलं नव्हतं. माझे कागद वाचून वाचूनच ते शिकले होते. महिनाभर खपून त्यांनी माझ्याच प्रोग्रॅमला एक जोड दिली. नेहमीचा हुकूम दिला तर माझा तक्ता यायचा. हुकुमापुढं एक अक्षर जास्त टाइप केलं, की मथळा नाही, ठिपके नाहीत, रकाने सरळ करायला घातलेली मोकळी जागा नाही. एका विहिरीची एक ओळ, आणि दोन माहितींच्या मधे एक खूण, बस्स. साताऱ्याच्या संगणकानं फक्त खुणा मोजायच्या. ते तिला 'उघडी यादी' म्हणायचे.

खूण कुठली ठेवायची यावर मात्र त्यांनी तीन आठवडे घालवले. मी म्हटलं, स्वल्पविराम ठेवा. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा काढून दाखवला. लोकांनी मालकाचं आडनाव आधी लिहून, स्वल्पविराम देऊन मग नाव लिहिलं होतं. संगणक एका पाटलाचे दोन तुकडे करून बसला असता. मी म्हटलं, मग तिरकी रेघ. "आन् गट नंबर?" ते म्हणाले. "येकशेबारा तिरकी रेघ दोन. भावाभावांनी वाटण्या केल्याल्या जमिनी हायत ह्या." टिंब आद्याक्षरांपुढं होतंच. फुली मारून लोकांनी खाडाखोड केली होती. मग हवालदार सगळे फॉर्म घेऊन बसले आणि जिल्ह्यात कुणीच वापरलेलं नाही असं चिन्ह शोधू लागले. रोज दुपारी एक एक चिन्ह बाद व्हायचं. शेवटी एके दिवशी त्यांनी टेलिप्रिंटरच्या एका कळीवर बोट ठेवलं. अर्धविराम.

"ह्ये कुणाचंच न्हाई," ते म्हणाले. "आख्ख्या गठ्ठ्यात येकदाबी न्हाई. आमच्या फौजेच्या मशिनीवर तर ही कळच नव्हती. बिचारं येकलं हाय." मग म्हणाले, "दोगांच्या मदी हुबं ऱ्हायाचं तर असलंच पायजे. कुणाकडचं नसल्यालं."

दुसरा नियम त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून टेलिप्रिंटरच्या वर टांगला. फॉर्मात एखादी जागा कोरी असेल, तर यादीतही ती कोरीच राहिली पाहिजे. म्हणजे तिथं दोन अर्धविराम लागोपाठ येणार, मधे काही नाही. मी म्हटलं, "जे नाहीच ते कशाला पाठवायचं?"

"आवं सायेब," ते म्हणाले, "रिकामं हाय म्हंजी काय न्हाई असं नसतं. तितं कायतरी यायाचं हुतं, आन् आलं न्हाई. ह्ये बी कळाया नगं का म्होरल्याला?"

त्या दिवशी ते पहिल्यांदा त्या वाटीबद्दल बोलले. मी विचारलं नव्हतं. बायको असताना डब्यात तीन पदार्थ ठरलेले असायचे, आणि चौथ्या वाटीत ती मनाला येईल ते घालायची. कधी गुळाचा खडा, कधी दोन चिंचा, कधी शेवयांची खीर. "डबा उगडल्याबिगर कळायचं न्हाई. तीन जिनसा मला बी करता येत्यात. चवथी माजी न्हवंच." त्यांनी वाटी उचलली आणि धुवायला गेले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मी यंत्राकडे वळलो.

आता मी केलं ते सांगतो.

एप्रिलमध्ये हवालदार चार दिवस रजा घेऊन पाटणला गेले. बायकोच्या श्राद्धासाठी. दुसऱ्याच दिवशी डायरेक्टर खोलीत आले. जत तालुक्याची पट्टी साताऱ्याला उद्याच हवी होती, सकाळी जीप जाणार होती. पट्टीचं एकच रीळ शिल्लक होतं, नवी रिळं यायला आठवडा होता. मी यादी कागदावर काढून पाहिली. थोडक्यासाठी मावत नव्हती. आणि तिच्यात जागोजागी लागोपाठ दोन दोन अर्धविराम होते. ओळीमागून ओळी.

मी प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढवल्या. दोन अर्धविराम शेजारी शेजारी आले तर एकच ठेव. यादी आखूड झाली, रिळात मावली, नीटनेटकी दिसू लागली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाई होती, रीळ कमी होतं. ते खरं आहे. पण पुठ्ठा माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला होता. त्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं. तालुक्याची यादी दोन तुकड्यांत पाठवता आली असती, साताऱ्याला फोन करता आला असता. मी ते केलं नाही, कारण त्या उघड्या यादीला माझाही हात लागावा असं मला वाटत होतं. साताऱ्याहून तिचं कौतुक आलं होतं. माझा तक्ता नुसता भिंतीवर होता.

हवालदार परतले. पट्टी गेली, म्हटलं. "मावली?" त्यांनी विचारलं. "मावली," मी म्हटलं. ते खूश झाले.

मेच्या मध्यावर एक म्हातारा संस्थेत आला. जतकडचा धनगर, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं आणि हातात पितळेची रिकामी घागर. शिपाई त्याला फाटकातच अडवत होता. हवालदारांनी त्याला आत आणलं, वहाणांसकट.

"मशीन कुटं हाय तुमची?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"ही काय."

म्हाताऱ्यानं दोन्ही कपाटं वरपासून खालपर्यंत पाहिली. "हिनंच सांगितलं व्हय, आमच्या वाडीच्या हिरीत येकतीस फूट पानी हाय म्हनून?"

"कोन म्हनलं?"

"बोअरची गाडी शेजारच्या गावाला आली, आन् आमची वाडी सोडून म्होरं गेली की वो. गाडीवाल्यानं कागद दावला. तुमची हीर भरल्याली हाय म्हनला, येकतीस फूट. नीरिल्ला!" तो कानडीत म्हणाला आणि मग मराठीत, "टिपूस न्हाई. म्हनून घागर घिऊन आलोय. तुमच्या मशिनीला म्हनावं, चल संगट, कुटं हाय ते पानी दाव. मी वडून काडतो, तिला तरास नगं."

शिपाई हसला. मीही हसलो असेन. हवालदार हसले नाहीत.

"मानसं आल्ती की मोजाया," म्हातारा म्हणत होता. "फाल्गुनातच हीर आटली हुती. त्येनी दोरी सोडली, वर काडली, कोरडी. काय लिव्हू म्हनले. म्या म्हनलं, काय बी लिव्हू नगा, हायच काय तितं? येकतीस घरं हायत आमची तिच्यावर..."

"किती घरं?" हवालदारांनी विचारलं.

"येकतीस."

हवालदारांनी त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं, शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि कपाटातून त्या यादीचा कागद काढला. मला कागद पाहायची गरज नव्हती. मोजायला गेलेल्या माणसांना कोरड्या विहिरीत मोजायला काही मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी पाण्याची जागा कोरी सोडली होती. ती कोरी जागा मी मिटवली होती. मग पुढची माहिती एक रकाना मागं सरकली: एकतीस घरं पाण्याच्या जागी जाऊन एकतीस फूट झाली, आणि शेवटच्या रकान्यात काही उरलं नाही म्हणून साताऱ्याच्या संगणकानं तिथं शून्य घरं धरली. तालुक्यातल्या प्रत्येक कोरड्या विहिरीचं असंच झालं होतं. जितकी जास्त घरं तहानलेली, तितकं जास्त पाणी. सगळ्यात मोठ्या कोरड्या वाड्या यादीच्या तळाला गेल्या होत्या.

हवालदारांनी प्रोग्रॅमचा कागद काढला आणि बोट खाली खाली नेलं. ओळींना क्रमांक द्यायची त्यांची सवय दहा-दहाच्या अंतरानं होती, माझी पाच-पाचच्या. बोट पंचेचाळीसवर थांबलं. मग पंचावन्नवर. माझ्याच त्या दोन ओळी. त्यांनी मान वर केली नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हाताऱ्याला म्हणाले, "बाबा, चूक आमची हाय. तुमची हीर कोरडीच हाय."

"ते मला ठावं हाय," म्हातारा म्हणाला. "गाडी कवा येनार?"

गाडी तोवर दुसऱ्या टोकाला गेली होती. हवालदारांनी त्याच रात्रीत फॉर्मांचा सगळा गठ्ठा उपसून कोऱ्या जागांची यादी हातानं लिहिली. मी मदतीला बसलो, तर म्हणाले, "नगं सायेब, म्या करतो." सकाळी ते स्वतः म्हाताऱ्याबरोबर जतच्या एसटीत बसले. वाडीला टँकर सुरू झाला. बोअर मात्र पुढच्या वर्षी झाली. त्या उन्हाळ्यात त्या वाडीतली निम्मी घरं मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरली होती, हे मला नंतर कळलं.

साताऱ्याहून खरमरीत पत्र आलं. डायरेक्टरांनी दोघांना बोलावलं.

"ऑपरेटरला प्रोग्रॅममध्ये हात घालायला कुणी सांगितलं होतं?" ते हवालदारांवर ओरडले. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला याची कल्पना होती?"

माझं कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं. लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनी नोकरी पक्की आहे का म्हणून दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, "उघड्या यादीचं काम हवालदारच बघतात, सर."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते त्या क्षणी तसंच, तोलून बोललो होतो. हवालदार खिडकीबाहेर पाहत होते. प्रोग्रॅमचा कागद त्यांच्या खिशात होता, घडी मला शर्टावरून दिसत होती. त्यांनी तो काढला नाही.

"लेखी द्या," डायरेक्टर म्हणाले. "काय चूक झाली, कशानं झाली, कुणी केली."

दुसऱ्या दिवशी हवालदारांनी एक कागद आत दिला. डायरेक्टर बाहेर येऊन चिडून म्हणाले, "नाव लिहिलंच नाही यानं! सगळं लिहिलंय आणि नावाची जागा कोरी." मग स्वतःच म्हणाले, "लिहायची गरज काय म्हणा. कळतंय ते." आठ दिवसांत हवालदारांची बदली साताऱ्याच्या कार्यालयात झाली. आवक-जावक विभागात. यंत्राला हात लावायचा नाही, अशी तोंडी ताकीदही होती.

जायच्या दिवशी त्यांनी टेलिप्रिंटर फडक्यानं पुसला आणि पुठ्ठा तसाच ठेवून गेले. मला म्हणाले, "पट्टी वलसर ठिकानी ठिवू नका." एवढंच.

मी कायम झालो. लग्न झालं. दुपारी त्या खोलीत एकटाच डबा खायचो. नवा ऑपरेटर बाहेर कॅन्टीनमध्ये जायचा.

वर्षभरानं कामासाठी साताऱ्याला जावं लागलं. आवक-जावकचा विभाग जिन्याखाली होता. हवालदार पाकिटांवर शिक्के मारत बसले होते. पाकिटं तालुकावार लावलेली, प्रत्येक ढिगात एक बोट अंतर. मला पाहून उठून उभे राहिले. "या सायेब." आम्ही तिथंच जेवलो. चार वाट्या मांडल्या गेल्या. वर कुठंतरी त्यांचा धाकटा संगणक चालू होता, टेलिप्रिंटरचा आवाज जिन्यातून खाली येत होता. हवालदार घास हातात धरून मधेच थांबायचे, आवाज ऐकायचे. "रिबीन वाळलीया तेची," एकदा म्हणाले. "वर सांगितलं, पर आमाला इचारतंय कोन."

मी ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. मी अजिंक्यताऱ्यावर बोललो, एसटीच्या गर्दीवर बोललो, मुलगी झाली ते सांगितलं.

"नाव काय ठिवलं?" त्यांनी विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी टेबलावर बोटं टेकवली. "सा बोटं. बापापरीस अर्ध्या बोटानं कमी. चांगलंय." मग विचारलं, "त्या दोन वळी काडल्या का?"

"काढल्या."

"ब्येस."

ते मला स्टँडपर्यंत सोडायला आले. गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते म्हणाले, "सायेब, ती जागा मी रिकामीच सोडलीया. कवा सवड झाली तर भरा."

आवाजात राग नव्हता. पट्टी ओलसर ठिकाणी ठेवू नका, म्हणाले होते, तसंच म्हणाले. मी "होय" म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन बसलो. गाडी हलेपर्यंत ते फलाटावर ताठ उभे होते, निरोपाला आलेल्या चार लोकांच्या मधे, त्यांच्यातल्या कुणाच्याच ओळखीचे नसलेले.

मला सवड झाली नाही. मी बढत्या घेतल्या. त्यांना पत्रं लिहायला बसलो आणि फाडली. निवृत्त होऊन ते पाटणला गेल्याचं कळलं, पुढं पाटणहून कामाला आलेल्या एकानं ते वारल्याचं सांगितलं. शेवटी कोण जवळ होतं, असं मी त्याला विचारलं. "कोन असनार?" तो म्हणाला. "शेजारी हुते."

गेल्या महिन्यात बंद पडलेल्या त्या संस्थेची जुनी कागदपत्रं रद्दीत काढायचं ठरलं. कागद पाहून सही करणारा अधिकारी आता मीच. त्यात ती फाइल निघाली. हवालदारांचा कागद वरच होता. मी तो कधी पाहिला नव्हता, डायरेक्टरांच्या तोंडून फक्त ऐकला होता. त्यांनी सगळा खुलासा एकाच ओळीत, उघड्या यादीसारखा लिहिला होता, रंगवलेल्या ट्रंकेसारख्या ठसठशीत अक्षरात: जत तालुका, विहिरींची पट्टी, दोन खुणांची एक झाली, कोऱ्या जागा मिटल्या, कोरड्या वाड्या सुटल्या, आणि त्यापुढं मोकळी जागा, आणि शेवटचा अर्धविराम. खाली त्यांची सही, "हुकमाप्रमाणे लेखी दिले". समासात डायरेक्टरांचा शेरा होता, चूक संबंधित ऑपरेटरची धरावी. त्या मोकळ्या जागेला मात्र कुणी हात लावला नव्हता.

त्यांच्या पुठ्ठ्यावरच्या नियमाप्रमाणे तिथं दोन अर्धविराम लागोपाठ यायला हवे होते, मधे काही नाही. पण हवालदारांनी मधे जागा सोडली होती. मी कागद टेबलावर सरळ केला आणि त्या जागेवर बोटं टेकवत गेलो. माझी बोटं त्यांच्यापेक्षा बारीक, म्हणून सात भरली.

मी खोलीचं दार लावून घेतलं आणि त्या जागेत माझं नाव लिहिलं. माझं, वडिलांचं, आडनाव. शक्य तितकं त्यांच्यासारखं ठसठशीत लिहिलं. शेवटचं अक्षर अर्धविरामापाशी येऊन थांबलं. पुढं-मागं काही उरलं नाही.

मग मी रद्दीच्या यादीतून ती फाइल वगळली, आणि वगळण्याचं कारण लिहायच्या रकान्यात हे सगळं लिहिता येईना, म्हणून इथं लिहिलं.